उड्डाण रद्द करायचं कोणी? लॉकहार्टच्या बलून अपघाताचं प्रकरण

शनिवार, ३० जुलै २०१६. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर लॉकहार्ट गाव आहे. त्या भागातल्या एका कुरणावर सकाळी पावणेआठच्या आत-बाहेर पर्यटकांना घेऊन निघालेला हॉट एअर बलून विजेच्या हायटेन्शन तारांवर आदळला. पंधरा प्रवासी आणि पायलट, सोळाच्या सोळा जण गेले. अमेरिकेत बलूनच्या एका अपघातात इतकी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती. जगात याहून मोठा अपघात एकच, २६ फेब्रुवारी २०१३चा, इजिप्तमधल्या लक्झरचा. तिथे १९ जण गेले होते.

लक्झरला निदान गॅसची गळती होती, आग होती. लॉकहार्टला तारांना लागेपर्यंत बलून धडधाकट होता. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने, अवशेष तपासले तेव्हा आधीपासूनचा कुठलाही यांत्रिक दोष सापडला नाही. बर्नर चालत होता, कापड शाबूत होतं. बिघडलं होतं ते उड्डाणाचं नियोजन, आणि म्हणूनच शेतशिवारावरून हौशी प्रवाशांना फिरवून आणण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावं असं मला वाटतं. मग तो बलून उडवत असो की चार आसनी सेसना विमान.

पहाटच का?

बलूनला सुकाणू नसतं. वारा नेईल तिकडे तो जातो. पायलटच्या हातात फक्त वर आणि खाली एवढंच असतं. वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा थोडी वेगळी असते, त्यामुळे उंची बदलून दिशा थोडीफार साधता येते. उत्तर गोलार्धात वर जावं तसा वारा साधारण उजवीकडे वळत जातो. अनुभवी पायलट निघण्याआधी हेलियमचा एक छोटा फुगा सोडतात आणि तो कुठल्या उंचीवर कुठे वळतो हे नजरेने टिपून घेतात. साधा प्रकार आहे, पण अर्ध्या तासाचा रस्ता त्यावरून ठरतो.

हे सगळं जमायला हवा शांत लागते. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे झोत वर उठायला लागतात आणि बलून त्यात हेलकावे खातो. उतरताना वारा जोराचा असेल तर टोपली शेतातून फरफटत जाते. म्हणून जगभर बलून सूर्योदयाच्या सुमारास सुटतात आणि तासाभरात खाली येतात.

खरी मेख इथेच आहे. जी हवा बलूनला हवी, तीच धुक्यालाही हवी. वारा पडलेला, रात्रभर जमीन गार झालेली, हवेत ओल. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं पाणी व्हायला लागतं ते) यांच्यातला फरक एक-दोन अंशांवर आला की पहाटे केव्हाही धुकं दाटू शकतं, आणि ते दाटतं बहुतेक वेळा सूर्योदयाच्या आगेमागेच. मध्य टेक्सासमध्ये त्यात मेक्सिकोच्या आखाताची भर पडते. उन्हाळ्यात रात्री दक्षिणेकडून दमट वारा आत येतो आणि सकाळी जमिनीपासून काहीशे फुटांवर करडा ढग पसरतो. ऊन तापलं की तो विरतो, पण तोवर बलूनची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे त्या भागात बलून उडवायचा तर ‘धुकं पडलं तर काय’ हा रोजचा प्रश्न आहे, वर्षातून एखाद्या वेळी पडणारा नव्हे.

फोनवरचं बोलणं

त्या दिवशी पहाटे पायलटने हवामानाची माहिती देणाऱ्या सरकारी सेवेला फोन केला. अमेरिकेत हे संभाषण ध्वनिमुद्रित होतं, त्यामुळे ते तपासात आलं. माहिती देणाऱ्याने ढगांबद्दल सांगितलं आणि तुम्हाला किती खालून जायचंय ठाऊक नाही, पण हे ढग तुम्हाला नडू शकतात असं सुचवलं. पायलटचं उत्तर असं, की आम्ही त्यांच्या मधूनच जातो, फट सापडली की निघतो.

या उत्तराकडे तपासाच्या नजरेतून पाहिलं पाहिजे. त्याला माहिती मिळाली नव्हती असं नाही. सेवेने काम चोख केलं होतं. पण त्या सेवेला ‘जाऊ नका’ म्हणायचा अधिकार नसतो, ती फक्त सांगते. ठरवायचं पायलटने. आणि इथला पायलट हाच कंपनीचा मालक. प्रवासी पहाटे सॅन मार्कोसमधल्या एका वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये जमलेले. उड्डाण रद्द केलं तर पैसे परत करायचे की पुढची तारीख द्यायची हेही त्यानेच बघायचं. हवामान, गिऱ्हाईक आणि गल्ला तिन्ही एकाच डोक्यात. निर्णय चुकतोय हे सांगणारा दुसरा माणूस त्या सगळ्या साखळीत नव्हता.

ठरलेल्या वेळेपेक्षा थोड्या उशिराने, ६ वाजून ५८ मिनिटांनी, फेंट्रेस नावाच्या छोट्या धावपट्टीवरून बलून सुटला. ७ वाजून ४२ मिनिटांनी विजेची लाइन ट्रिप झाली आणि पुढच्याच मिनिटाला आपत्कालीन सेवेला पहिला फोन गेला. मधली ४४ मिनिटं. सरळ रेषेत अंतर साधारण आठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटर. ताशी सतरा-अठरा किलोमीटरचा वेग, बलूनसाठी अगदी मामुली. वाऱ्याने घात केला नाही.

प्रवाशांनी काढलेले फोटो नंतर त्यांच्या उपकरणांतून मिळवण्यात आले. त्यांत खाली ढगांचा थर दिसतो. बलून ढगांच्या वर गेला होता. तिथून उतरायला वाट एकच: त्याच ढगातून किंवा त्याच्या अगदी कडेने खाली, जमीन कुठे आहे हे न दिसता.

दहा टनांची जडता

विमान उडवणाऱ्या माणसाला इथे एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. सेसना घेऊन निघालेल्या पायलटला खाली ढग जमताना दिसले तर तो वळू शकतो, सॅन मार्कोसच्या विमानतळावर परत जाऊ शकतो, इंधन असेल तोवर मोकळ्या आकाशात घिरट्या घालत थांबू शकतो. बलूनला परतीचा रस्ता नसतो. घिरट्याही नाहीत. टाकीत प्रोपेन आहे तोवर वर राहायचं, आणि वर राहतानाही वारा त्याला पुढच्या अनोळखी शिवारावर नेत असतो. म्हणून विमानाच्या नियोजनात ‘तिथे जाऊन बघू’ याला थोडी तरी जागा असते. बलूनच्या नियोजनात ती नसते.

दुसरी गोष्ट वजनाची. हा बलून चेक बनावटीचा, कुबिचेक कंपनीचा, साधारण ८,५०० घनमीटरचा होता. सोपा हिशेब करून बघा. बाहेरची हवा २५ अंशांची धरली तर एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१८ किलो भरतं. आतली हवा १०० अंशांपर्यंत तापवली तर तेच ०.९५ किलोच्या आसपास. फरक पाव किलोच्या जरा आत. त्याला ८,५०० ने गुणलं की दोन टनांच्या जवळपास उचल मिळते, आणि त्यात कापड, टोपली, टाक्या आणि सोळा माणसं बसवायची. पण आत कोंडलेली गरम हवा स्वतःच आठ टनांची असते. म्हणजे हलणारा सगळा ऐवज दहा टनांचा. खाली येत असलेला एवढा बलून बर्नरचा खटका दाबला म्हणून लगेच थांबत नाही. भरलेल्या ट्रकसारखा तो आधी आपल्या नादात पुढे जातो, मग ऐकतो. ज्वाला पेटल्यापासून उतरणं थांबेपर्यंत कित्येक सेकंद जातात, आणि तार दिसल्यापासून लागेपर्यंत धुक्यात तेवढे सेकंद मिळतच नाहीत.

तारा तशाही दिसायला वाईट. खांब दिसतात, तार दिसत नाही. म्हणून शिकवतानाच सांगतात की तारा ओलांडायच्या त्या खांबाच्या वरून, सपाट किंवा चढत्या उड्डाणात, उतरता उतरता कधीच नाही. तार लागणारच असं दिसलं तर वर जायची धडपड करायची नाही. माथ्यावरची झडप उघडून झपकन खाली यायचं, म्हणजे टोपली तारांच्या खाली राहते आणि लागलंच तर कापड लागतं. आणि गॅस बंद करायचा. हे माणसाच्या उपजत ओढीच्या उलटं आहे. ७ जानेवारी २०१२ रोजी न्यूझीलंडमधल्या कार्टरटनला असंच झालं. तिथे हवा स्वच्छ होती, तारा दिसत होत्या, तरी पायलटने वर चढून सुटायचा प्रयत्न केला. अकराही जण गेले. लॉकहार्टला तर हा निर्णय घेण्याइतकाही अवकाश होता की नाही ही शंकाच आहे.

माझ्या मते त्या सकाळी बचावायची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत होती. धुकं वाढतंय हे दिसत असताना खाली मोकळी कुरणं होती. तिथेच उतरायचं. प्रवाशांना तासाभराऐवजी पंधरा मिनिटं मिळाली असती, त्यांनी तक्रार केली असती, पैसे मागितले असते. लवकर उतरणं हाही रद्द करण्याचाच प्रकार आहे आणि त्याची किंमत मालकाच्या खिशातून जाते, म्हणून तो सहसा कोणी करत नाही.

कायद्यातली फट

एनटीएसबीने १७ ऑक्टोबर २०१७ च्या बैठकीत कारण निश्चित केलं. पायलटच्या चुकीच्या निर्णयांची सवयीची मालिका: आधी उडणं, मग धुक्यात आणि ढगांच्या वर उडत राहणं, शेवटी ढगांजवळून किंवा ढगांतून उतरणं. त्याला हातभार लावणाऱ्या दोन गोष्टी मंडळाने नोंदवल्या. एक, पायलटचे आजार आणि त्यावरची औषधं. नैराश्य आणि लक्ष एकाग्र न होण्याचा विकार होता, शिवाय शरीरात अफूवर्गीय वेदनाशामक आणि ॲलर्जीवरच्या गुंगी आणणाऱ्या औषधाचे अंश सापडले. दारू पिऊन गाडी चालवण्याचे जुने गुन्हेही होते. दुसरी गोष्ट, एफएए या हवाई नियामकाचं धोरण: व्यावसायिक बलून पायलटला वैद्यकीय प्रमाणपत्राची अटच नव्हती.

ही अट नसणं कागदावर फार विचित्र दिसतं. त्याच धावपट्टीवरून एखादा पायलट सेसनामध्ये तिघांना बसवून पैसे घेऊन शिवार दाखवायला निघाला असता, तर त्याला दुसऱ्या श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागलं असतं. व्यावसायिक परवान्यासाठी साधारण २५० तासांचं उड्डाण लागलं असतं. अशी सहल निघाल्या ठिकाणापासून २५ मैलांच्या आत करायची असेल तर एफएएचं अधिकारपत्र आणि अमली पदार्थ व दारूच्या चाचण्यांची व्यवस्थाही लागली असती. बलूनमध्ये पंधरा जण बसवणाऱ्याला मात्र ३५ तास पुरत होते, त्यांतले वीस बलूनमधले. वैद्यकीय तपासणी नाही, अधिकारपत्र नाही, चाचण्या नाहीत. तीन प्रवाशांच्या विमानाला जास्त नियम आणि पंधरा प्रवाशांच्या टोपलीला कमी. बलून हा हौसेचा, जत्रेतला प्रकार ही जुनी समजूत नियमांत तशीच राहून गेली होती. टोपल्या मोठ्या होत गेल्या, नियम लहानच राहिले.

आणि हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. एनटीएसबीने एप्रिल २०१४ मध्येच एफएएला लिहिलं होतं की बलून सहलींच्या धंद्यालाही विमान आणि हेलिकॉप्टरच्या सहलींसारखं अधिकारपत्र बंधनकारक करा, म्हणजे निदान तपासणीला कोणीतरी जाईल. एफएएचं म्हणणं पडलं की धोका तसा कमी आहे. आकड्यांच्या हिशेबाने ते खोटं नव्हतं. बलूनचे अपघात मोजकेच होतात. पण एका टोपलीत सोळा माणसं असतील तर ‘मोजके’ या शब्दाचा फार आधार घेता येत नाही. दोन वर्षांनी लॉकहार्ट झालं.

पुढचा प्रवासही सावकाशच. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यातूनच एफएएला वैद्यकीय अट आणायला सांगितलं. जून २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला आणखी एक बलून तारांवर गेला, पाच जण गेले आणि पायलटच्या रक्तात कोकेन व गांजाचे अंश सापडले. अंतिम नियम निघाला नोव्हेंबर २०२२ मध्ये: पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या बलून पायलटला दुसऱ्या श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचं. अपघातापासून सहा वर्षं.

नियम हवाच होता, पण बातम्यांत सगळं लक्ष औषधांवर गेलं याची मला थोडी खंत वाटते. उद्या तब्येतीने ठणठणीत असलेला पायलटही पहाटे पाच वाजता हवामान खात्याचं बोलणं ऐकून ‘बघू, फट सापडेल’ म्हणू शकतो. त्याला थांबवणारं काय आहे?

कापाडोकियाची पद्धत

तुर्कस्तानातल्या कापाडोकियाचं उदाहरण इथे घ्यायला हवं, कारण तिथे एका सकाळी शंभराहून जास्त बलून आकाशात असतात. अपघात तिथेही झाले आहेत. व्यवस्था निर्दोष नाही. पण एक गोष्ट त्यांनी वेगळी केली. आज उडायचं की नाही हे पायलट किंवा कंपनी एकट्याने ठरवत नाही. नागरी विमान वाहतूक खात्याच्या देखरेखीखाली हवामान पाहून सगळ्यांसाठी एकच निर्णय जाहीर होतो. वारा जास्त, धुकं आहे, तर सगळेच जमिनीवर.

याचा परिणाम पैशांच्या बाजूने बघा. शेजारचा उडतोय आणि मी नाही, ही भीतीच संपते. गिऱ्हाईक रागावलं तरी कंपनीवर रागावत नाही, कारण आकाशात कोणीच नाही. पैसे परत करायला मालकाला जड जात नाही, कारण रद्द होण्याचा खर्च सगळ्यांनी आधीच तिकिटात धरलेला असतो. बंदीच्या दिवशी परवानगी असती तरी उडालो नसतो, असं म्हणणारे पायलट सगळीकडे असतात. व्यवस्था लागते ती उरलेल्यांसाठी.

जिथे एकटाच बलून आहे आणि वर खातं नाही, तिथेही हे जमवता येतं. मर्यादा आदल्या दिवशी, डोकं थंड असताना, कागदावर लिहायच्या: जमिनीवरचा वारा किती, ढगाचा तळ किमान किती उंच, दृश्यमानता किती, तापमान आणि दवबिंदूत फरक किती. यांतली एकही ओलांडली गेली तर उड्डाण नाही, त्यावर चर्चा नाही. आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क पायलटशिवाय आणखी एकाला द्यायचा, शक्यतो गाडी घेऊन मागून येणाऱ्या जमिनीवरच्या टोळीच्या प्रमुखाला. त्याला धुकं खालून दिसतं. उड्डाणाच्या पट्ट्यातल्या हायटेन्शन लाइनी नकाशावर आधीच लाल करून ठेवायच्या, आणि त्यांच्या अलीकडे उतरायची शेतं ठरवून शेतकऱ्यांशी बोलून घ्यायचं. पीक उभं असेल तर त्या शेतात उतरायचं नाही हेही तेव्हाच ठरतं. ‘मोकळं रान’ वरून जेवढं मोकळं दिसतं तेवढं ते कधीच नसतं.

आपल्याकडे लोणावळा-कामशेतच्या बाजूला हिवाळ्यात पर्यटकांसाठी बलून उडवले गेले आहेत. मावळात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पवनेच्या पाण्यावरून आणि भाताच्या खाचरांवरून धुकं कसं चढतं, हे तिथल्या कुठल्याही दूधवाल्याला विचारा. त्याच खोऱ्यातून टॉवर लाइनीही जातात. टेक्सास वाटतो तितका लांब नाही.

आता मराठी घरांतून कापाडोकियाला, लक्झरला, जयपूरला जाणारे पुष्कळ झालेत, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती वाजता न्यायला येणार?’ हा असतो. त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. हवामानामुळे रद्द झालं तर पैसे पूर्ण परत मिळतात का, आणि रद्द करायचं ते कोण ठरवतं. पहिल्याचं उत्तर ‘पुढच्या वेळी बघू’ असं आलं, तर त्या कंपनीला रद्द करणं परवडत नाही असं समजायचं. दुसऱ्याचं उत्तर ‘आमचे पायलट फार अनुभवी आहेत’ असं आलं, तर प्रश्न पुन्हा विचारायचा, कारण त्यांनी उत्तर दिलेलंच नाही. रद्द झालेल्या सकाळीची सोय म्हणून मुक्कामातली पहिली पहाट बलूनसाठी घ्यावी, शेवटची नाही. म्हणजे ‘आज नाही तर कधीच नाही’ असा दबाव आपल्याकडून तरी पायलटवर येत नाही.